कामिनुमा स्टेशनची सवय

इलाकाकू देवस्थळींना एका जागी बसलेलं अमेरिकेतल्या कॅरी गावात कोणी पाहिलेलं नाही. गणपतीच्या आरतीला त्या उभ्या असतात हे ठीक, तेव्हा सगळेच उभे असतात. पण नंतर जेवणाच्या पंगतीतही त्या उभ्याच. कोणाला वरण हवंय का, मागचं दार लागलंय का, गॅस बंद केलाय का, हे बघत परक्याच्या घरातही त्या भिरभिरत राहतात. आणि नुसत्या बघत नाहीत. गॅसपाशी जाऊन उजव्या हाताची तर्जनी त्याच्यावर रोखतात आणि खणखणीत आवाजात म्हणतात, "गॅस बंद! योशी!" नव्या माणसाला वाटतं, बाईंनी गॅसला दम भरला.

ही 'योशी' जपानची. तिचा अर्थ 'ठीक आहे'. काकूंनी ती टोकियोबाहेरच्या कामिनुमा नावाच्या उपनगरी स्टेशनावरून उचलली आणि अमेरिकेत येताना सामानाबरोबर आणली. सामानातलं बरंच काही त्यांच्या मुलाच्या, मिहीरच्या गराजमध्ये अजून खोक्यांतच आहे. ही मात्र पहिल्या दिवसापासून वापरात आहे.

खरं तर काकू वाईच्या. त्यांच्या आईनं परसात काकडीचा वेल लावला होता आणि पोरांना सक्त ताकीद होती, की कोवळ्या काकडीकडे बोट दाखवायचं नाही, कुजते. दाखवायचंच असेल तर बोट वाकवून दाखवा. माणसाकडे बोट दाखवणं म्हणजे तर उद्धटपणाची कमाल. अशा घरातली मुलगी लग्नानंतर दोन वर्षांसाठी म्हणून नवऱ्यामागे जपानला गेली आणि तीस-बत्तीस वर्षं राहिली. संजय देवस्थळी पुण्याच्या एका कारखान्यातून तिकडे यंत्रं शिकायला गेले होते. ते शिकले, मग शिकवायला लागले, मग तिथलेच झाले.

कामिनुमा म्हणजे काही मोठं स्टेशन नव्हे. दोन फलाट, मधून दोन रूळ, एका टोकाला फाटक. जलद गाड्या तिथे थांबायच्या नाहीत. शिष्ट नातेवाइकांसारख्या मान वर करून निघून जायच्या. पण गावाचा सगळा जीव त्या स्टेशनाभोवती. बाहेर सायकलींचा तळ, बेकरी, टोफूवाल्या म्हातारीचं दुकान, दातांचा डॉक्टर, पोस्ट. काकूंना जपानी अक्षर एक वाचता येत नव्हतं, तरी घरातून पाय बाहेर टाकला की त्या कुठेही पोहोचायच्या, कारण सगळे रस्ते स्टेशनाला मिळायचे आणि स्टेशनावर इगाराशी-सान असायचे.

हे इगाराशी-सान, म्हणजे आपल्याकडचे इगाराशीराव, तिथल्या स्टेशनातले कर्मचारी. शिडशिडीत, गंभीर, हातांत पांढरेशुभ्र हातमोजे. गाडी आली की ते फलाटाच्या कडेवर बोट रोखून ओरडायचे, मग सिग्नलवर बोट, मग दारांवर, आणि गाडी निघाली की तिच्या शेवटच्या दिव्यावर. दर वेळी बोट, दर वेळी आवाज. दुपारी फलाटावर चिटपाखरू नसलं तरी तेच. काकू रोज संध्याकाळी छोट्या मिहीरला कडेवर घेऊन नवऱ्याला आणायला जायच्या आणि हा प्रकार बघून पदराआड हसायच्या.

"अहो, हा माणूस एकटाच कुणाशी भांडतो?" त्यांनी एकदा विचारलं.

"स्वतःच्या डोळ्यांशी," संजयराव म्हणाले. "डोळा सवयीनं फसवतो गं. बघितल्यासारखं करतो आणि पुढे जातो. बोट उचललं आणि तोंडानं बोललं, की त्याला नीट बघावंच लागतं."

काकूंना हे पटलं. वाईची शिकवण बाजूला ठेवून त्यांनी बोट उचललं ते कायमचं. सकाळी संजयराव कामाला निघाले की दारात दोघांचा कार्यक्रम चालायचा. किल्ली, योशी. डबा, योशी. चष्मा, योशी. मिहीर 'आई'नंतर जो दुसरा शब्द शिकला तोही हाच.

मग त्या चष्म्यानंच दगा दिला. संजयरावांना काचबिंदू झाला. आधी नजरेच्या कडा गेल्या, मग मधलंही धूसर होत होत उजेड आणि सावली एवढंच राहिलं. तोवर मिहीर अमेरिकेत शिकून रिसर्च ट्रँगल नावाच्या उद्योगपट्ट्यातल्या एका कंपनीत लागला होता आणि बायको राधिकासह कॅरीत घर घेऊन बसला होता. त्यानं जपानला जाऊन दोघांना उचलून आणलं. तो चांगला मुलगा आहे. यात त्याचा काही दोष नाही.

कॅरी सुंदर आहे हे काकूही मान्य करतात. झाडं काय, तळी काय, हिरवळ तर कुणी रोज विंचरून ठेवावी तशी. फक्त रस्त्यावर माणूस नाही. काकू सकाळी चपला घालून निघायच्या, कॉलनीच्या तोंडापर्यंत जायच्या आणि तिथे फुटपाथ गवतात नाहीसा व्हायचा. पुढे सहा पदरी रस्ता आणि सुसाट गाड्या. त्या तिथे थोडा वेळ उभ्या राहायच्या आणि परत फिरायच्या. पुन्हा दुपारी, पुन्हा संध्याकाळी. पायाला भिंगरी असलेल्या बाईला जायला जागाच नव्हती. घरात आल्या की त्या स्वच्छ ओटा पुन्हा पुसायच्या आणि राधिका मुकाट्यानं दुसऱ्या खोलीत कामाला जाऊन बसायची.

पण त्यांची खरी काळजी वेगळी होती. ती खिडकीपाशी, पाय वर होणाऱ्या खुर्चीत बसलेली असायची.

झालं असं, की मिहीर संजयरावांना, म्हणजे सगळ्यांच्या काकांना, एकदा इंडियन ग्रोसरीत घेऊन गेला. गाडी लावून तो वळेपर्यंत काका फुटपाथच्या कडेला अडखळले आणि कांद्यांच्या पोत्यांच्या ढिगावर भर गर्दीत आडवे झाले. लागलं काही नाही. कोणी हसलंही नाही. उलट चार जणांनी धावत येऊन "अंकल, आर यू ओके?" विचारलं आणि तेच काकांना लागलं. त्या दिवसापासून ते डोळ्यांच्या डॉक्टरखेरीज कुठेही जाईनात. मिहीरनं विनवलं, राधिकानं देवळातल्या भजनाचं आमिष दाखवलं. काका हसून 'नको' म्हणायचे आणि कानात बोलतं पुस्तक लावायचे. हळूहळू ते पुस्तकही नुसतंच चालू असायला लागलं. त्यांच्या पिंढऱ्या बारीक झाल्या. चहा पुढ्यात गार व्हायचा. वार कोणता, असं ते दिवसातून दोनदा विचारायचे आणि उत्तर ऐकायचे नाहीत. हा माणूस इथेच बसून विझणार, हे काकूंना लख्ख दिसत होतं.

"अहो, चला की माझ्याबरोबर बाहेर," त्या एकदा चिडूनच म्हणाल्या.

"तू गाडी चालवशील तेव्हा येईन," काका म्हणाले.

म्हणजे कधीच नाही, हे त्यांनी सभ्य भाषेत सांगितलं. काकूंनी आयुष्यात लूनासुद्धा चालवली नव्हती. मिहीरच्या शेजारी बसल्या तरी त्या दाराची मूठ घट्ट धरून बसायच्या आणि ब्रेक लागला की 'श्रीराम' म्हणायच्या. पण काका एक गोष्ट विसरले होते. काकूंना शब्द कळतात, त्यामागचा सभ्यपणा कळत नाही.

"शब्द दिलात हं," काकूंनी त्यांच्यावर बोट रोखलं. "योशी?"

"योशी," काका म्हणाले आणि कितीतरी आठवड्यांनी मोठ्यानं हसले.

लायसन्सची लेखी परीक्षा काकूंनी चुटकीसरशी पास केली. घोडं अडलं ते गाडीत, म्हणजे मिहीरच्या जुन्या कोरोलात. शिकवायला होती नागपूरची रीमा. कॅरीतल्या अर्ध्या मराठी बायकांना तिनं गाडी शिकवली होती आणि उरलेल्या अर्ध्या तिला घाबरून नवऱ्याकडून शिकल्या होत्या. पहिल्याच दिवशी सिग्नल हिरवा झाला. काकूंनी स्टिअरिंग सोडलं, हात लांब केला, काचेवर बोट आपटलं आणि ओरडल्या, "सिग्नल हिरवा! योशी!"

"काकू! काय करून राहिल्या तुम्ही?" रीमा किंचाळली. "हात ठेवा न स्टिअरिंगवर!"

"अगं, बघते आहे."

"डोळ्यानं बघा न! बोटाला डोळे असतात का?"

काकूंना सांगता येईना, की त्यांच्या बोटाला असतात. रीमानं पर्समधून टिकल्यांचं पाकीट काढलं आणि स्टिअरिंगवर दोन बाजूंना दोन लाल टिकल्या चिकटवल्या. "हे बघा. हात इथून हलले, तर तुम्ही अन् मी सोबतच वर जाऊ. मला लहान लेकरं आहेत घरी."

टिकल्यांनी थोडा फरक पडला. आरसा बघताना हात जागेवर राहायला लागला, गाडी मागे घेतानाही राहिला. सिग्नलला मात्र तो आपोआप उडायचा. पोपट जसा कितीही शिकवला तरी मांजर दिसलं की आपलंच ओरडतो, तसं काकूंचं व्हायचं.

पहिल्या परीक्षेला शेजारी बसलेला परीक्षक तरुण, दाढीवाला आणि जरा झोपाळलेला होता. पहिल्याच चौकात काकूंचा हात त्याच्या नाकासमोरून गेला आणि कानात 'योशी' फुटली. त्याला वाटलं, समोर कोणी आडवं आलं. त्यानं दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरला. तो का घाबरला, हे बघून काकू घाबरल्या आणि त्यांनी भर चौकात करकचून ब्रेक दाबला. मागून भोंगे सुरू झाले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याहून वेगळं काय असतं? परत आल्यावर त्या बिचाऱ्यानं कागदावर 'नापास' लिहिलं आणि आधी गाडीतून उतरला.

दुसऱ्या वेळी काकूंनी चंग बांधला. हात टिकल्यांवर, ओठ गच्च मिटलेले. बोट नाही, आवाज नाही, काही नाही. गाडी कशी शहाण्यासारखी चालली. वळणं झाली, पार्किंग झालं. त्यांना वाटलं, जिंकलो. थांबल्यावर परीक्षकानं शांतपणे विचारलं, "मॅम, तुम्ही स्टॉप साइनला थांबला का नाहीत?"

"कुठल्या?" काकूंनी विचारलं.

त्यानं नाव सांगितलं तो कोपरा काकूंना आठवत होता. तिथलं मॅग्नोलियाचं झाड आठवत होतं. लाल पाटी मात्र त्यांनी पाहिलीच नव्हती. म्हणजे डोळ्यांनी पाहिली असणार, पण त्यांच्यापर्यंत ती पोहोचली नव्हती. नापास झाल्याचं दुःख त्यांना झालंच नाही, इतक्या त्या भ्यायल्या. तिथे एखादं पोर रस्ता ओलांडत असतं तर?

संध्याकाळी मिहीर म्हणाला, "आई, बस्स झालं आता. का स्वतःला त्रास देतेस? तुला कुठे जायचं असेल तर मी आहे ना! मी ड्राइव्ह करीन, मीटिंग कॅन्सल करीन."

"तू आहेस रे," काकू म्हणाल्या. "पण ते तुझ्याबरोबर येत नाहीत."

त्याच्या चेहऱ्यावर लहानपणचा मिहीर दिसला, फलाटावर बाबांची गाडी चुकली की दिसायचा तो. काकूंना बोलल्याचा पश्चात्ताप झाला, पण खोटं तरी काय बोलल्या होत्या?

मग त्या खिडकीपाशी गेल्या. "अहो, नाही जमत मला. बोट उचललं तर नापास आणि नाही उचललं तर आंधळी. मी कानाला खडा लावलाय. तुमचं खरं झालं."

आंधळी हा शब्द तोंडातून गेल्यावर त्यांनी जीभ चावली. खुर्चीच्या हातावर काकांचा अंगठा नुसता मागे-पुढे होत राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मिहीर आणि राधिका घरात नव्हते. काकूंच्या तीन चकरा मारून झाल्या, ओटा पुसून झाला, आणि तरी जीव थाऱ्यावर येईना. शेवटी त्या गराजमध्ये गेल्या आणि त्याच कोरोलात स्टिअरिंगपुढे जाऊन बसल्या. किल्लीसुद्धा घेतली नव्हती. समोर जपानहून आलेली खोकी एकावर एक रचलेली होती. काकू त्यांच्याकडे बघत बसल्या आणि त्यांना सरळ रडू आलं.

मागे धाडकन काहीतरी पडलं. रद्दीचा डबा. काका भिंत चाचपत, कपडे धुण्याच्या मशीनला वळसा घालून येत होते. काकू दार उघडून उठणार, तेवढ्यात ते म्हणाले, "बस तू. येतोय मी."

त्यांनी हातानं बॉनेट शोधलं, मग आरसा, मग दार, आणि शेजारच्या सीटवर येऊन बसले. धाप लागली होती. आठ-दहा पावलांत त्यांना धाप लागावी, हे काकूंना सुईसारखं टोचलं.

"कुठे निघालीस?" काकांनी विचारलं.

"कुठे जाणार? कामिनुमाला," काकू नाक ओढत म्हणाल्या.

"मग मलाही ने. घरातून निघालो. आता कुठे आहोत?"

काकूंना आधी रागच आला. पण मग त्यांनी समोर पाहिलं आणि खोकी दिसेनाशी झाली. "कोपऱ्यावर," त्या म्हणाल्या. "टोफूवाली म्हातारी दारात पाणी मारतेय. आज तिनं निळा एप्रन घातलाय."

काकांनी तर्जनी उचलून पुढे धरली. "म्हातारी, योशी."

"डावीकडून सायकल येतेय. शाळेचा मुलगा आहे. गेला."

"सायकल, योशी."

"फाटक पडतंय."

"कान, कान, कान, कान," काकांनी हुबेहूब फाटकाच्या घंटेचा आवाज काढला. "जलद आहे?"

"जलद. गेली आपली ऐटीत. शेवटचा दिवा गेला. फाटक उघडलं. उजवीकडे कोणी नाही, डावीकडे कोणी नाही. इगाराशी-साननी हातमोजे घातलेत."

"योशी," काका म्हणाले. मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "इला, तुझे हात कुठे आहेत?"

काकूंनी खाली पाहिलं. दोन्ही हात टिकल्यांवर होते. इतका वेळ एकदाही उचलले गेले नव्हते.

"मग झालं तर," काका म्हणाले. "बोट माझं. तू फक्त बोल."

तिसऱ्या परीक्षेला शेजारी एक जाडजूड, वयस्कर बाई बसली. काकूंनी आधीच सांगून टाकलं, की मॅडम, मी गाडी चालवताना बोलते. भांडत नाही, नुसती बोलते. ती म्हणाली, "हनी, मी तर गाते." मग काकू अखंड मराठीत बोलत सुटल्या. सिग्नल लाल, थांबले. आता हिरवा. आजोबा कुत्र्याला घेऊन उभे आहेत, जाऊ देत बिचारे. लाल पाटी, पूर्ण थांबले, डावीकडे कोणी नाही, योशी. आणि प्रत्येक वेळी शेजारच्या सीटवरून काकांचं सुरकुतलेलं बोट वर होताना त्यांना मनासमोर स्पष्ट दिसत होतं. बाईनं कागदावर सही करताना एवढंच विचारलं, की हा 'योशी' कोण? काकूंनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "माझे मिस्टर."

लायसन्स मिळालं. रीमा ढसाढसा रडली आणि आपण रडलो हे कोणाला सांगू नका म्हणाली. मिहीरनं कोरोलाची किल्ली आईच्या हातात ठेवली. काकू नवी साडी नेसून खिडकीपाशी गेल्या. "चला."

"आज ऊन फार आहे गं," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी गुडघा दुखत होता. तिसऱ्या दिवशी 'उद्या नक्की' होतं. काकूंना कळायला वेळ लागला नाही. गराजपर्यंत यायला लागतं त्याहून जास्त बळ कांद्यांच्या पोत्यांपुढे जायला लागतं, आणि ते काकांकडे नव्हतं. त्यांना नवऱ्याची दया आली आणि तितकाच संतापही आला. एवढा जीव टांगणीला लावला तो कशासाठी?

"फसवलंत मला," त्या म्हणाल्या आणि किल्ली घेऊन एकट्याच गेल्या.

भाजी आणली, लायब्ररी पाहिली, आणि एका वळणावर त्यांना अमेरिकेत पहिल्यांदाच रूळ दिसले. कॅरीचं स्टेशन. आत गाडीसाठी एक बाई आणि तिची सूटकेस, बाकी शुकशुकाट. काकू परत आल्या त्या सांगायच्या गोष्टींनी नुसत्या उकळत होत्या. पिशवी ओट्यावर ठेवत म्हणाल्या, "अहो, स्टेशन..."

"काय? कुठलं स्टेशन?" काकांनी मान वळवली. "काय काय दिसलं?"

काकूंनी तोंड उघडलं, आणि मिटलं.

"नाही सांगणार," त्या म्हणाल्या. "यायचं आणि ऐकायचं."

इलाकाकूंनी गप्प राहायचं, ही शिक्षा काकांना झाली की काकूंना, हे ठरवणं अवघड आहे. रोज त्या बाहेर जायच्या, गच्च भरून यायच्या आणि ओठ मिटून भाजी चिरायच्या. घर इतकं शांत झालं, की राधिकानं मिहीरला बाजूला घेऊन विचारलं, यांचं बिनसलंय का? आता चैन न पडण्याची पाळी काकांची होती. ते खुर्चीतून उठून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत यायचे. परत जायचे. पुन्हा यायचे. "फाटक आहे का तिथे?" ते विचारायचे. काकू भेंडीचं देठ कापायच्या. "बरं, फलाट एक आहे की दोन? एवढं तरी सांग." भेंडी. "इला, छळतेस तू." काकूंच्या घशापर्यंत सगळं आलेलं असायचं. फाटक आहे हो, रंगीत दिवे आहेत, पलीकडे एक बेकरीसुद्धा आहे. त्या पाण्याचा घोट घेऊन ते गिळायच्या.

एका सकाळी काकू किल्ली घेऊन दाराशी आल्या, तर काका तिथे उभे. डोक्यावर टोपी, पायांत बूट, एक हात भिंतीवर, दुसऱ्या हातात काठी. चेहऱ्याचा रंग उडालेला. पडण्याआधी माणूस दिसतो तसे दिसत होते.

"किल्ली?" ते म्हणाले.

काकूंनी किल्लीवर बोट रोखलं. मग आठवलं, की यांना बोट दिसत नाही. "किल्ली, योशी," त्या कशाबशा म्हणाल्या.

"काठी?"

"काठी, योशी."

"बायको?"

"पुरे झालं, चला आता," काकू म्हणाल्या आणि डोळे पुसले.

कॉलनीच्या तोंडाशी, फुटपाथ नाहीसा होतो तिथे, काकू थांबल्या. डावीकडे ट्रक, गेला. उजवीकडे रिकामं. मग त्या रस्त्याला लागल्या आणि इतक्या दिवसांचं साठलेलं सगळं एकदम बाहेर पडायला लागलं. पिवळी शाळेची बस, रिकामी. चर्चच्या पाटीवर आज भोपळ्यांचा सेल. एक बाई पळतेय, कुत्रा तिला ओढतोय. काका सीटच्या कडेला धरून ताठ बसले होते. पहिला सिग्नल आला.

"लाल आहे," काकू म्हणाल्या. "थांबलेय मी. अजून लाल. आता हिरवा."

काकांचं बोट मांडीवरून सुटलं, हळूहळू वर गेलं आणि समोर स्थिर झालं. "योशी." ते सिग्नलवर नव्हतं, पार डावीकडे एका पाइनच्या झाडावर होतं. काकूंनी ते सरळ केलं नाही.

स्टेशनाच्या बाकावर काका बसले. काकू काही बसल्या नाहीत, बाकापुढे येरझाऱ्या घालत होत्या. आतून कोणीतरी सांगितलं, गाडीला उशीर आहे. किती, ते बघू.

"बघू?" काका म्हणाले. "म्हणजे त्यांनाच माहीत नाही? कामिनुमाला पाच मिनिटं उशीर झाला की इगाराशी-सान वाकून उशिराची चिठ्ठी द्यायचे. ऑफिसात दाखवायला!" आणि ते हसायला लागले. आधी हळू, मग टोपी काढून, खांदे हलवत, शेजारच्या बाकावर सूटकेस घेऊन बसलेली एक बाईसुद्धा हसायला लागेपर्यंत.

पुष्कळ वेळानं काकूंनी फलाटाच्या टोकाकडे पाहिलं. रूळ रिकामे होते. त्या सांगणार होत्या, की अजून काही दिसत नाही. पण काका उभे राहिले होते. काठी बाकाला टेकवून, मान किंचित तिरकी करून ते ऐकत होते. दूर कुठेतरी फाटकाची घंटा सुरू झाली होती, आणि त्यापलीकडून, अगदी बारीक, एक लांबलचक भोंगा.

काकांनी हात सरळ केला. बोट अचूक त्या वळणावर होतं, जिथून अजून काहीच आलेलं नव्हतं.

"गाडी येतेय," ते खणखणीत आवाजात म्हणाले. "योशी!"

इलाकाकू येरझाऱ्या थांबवून, काका उभे होते तिथेच येऊन बाकावर बसल्या.